वॉर्निशचा दुसरा हात

चिठ्ठीवर पाच ओळी होत्या आणि पाचही ओळींपुढे वाहतूक पोलिसानं एकच गोष्ट लिहिली होती.

मागचे लाल दिवे: नाहीत.
मागचा चमकता त्रिकोण: नाही.
फिरता पिवळा दिवा: नाही.
आरसा: नाही.
ट्रॉलीच्या लाल चकत्या: नाहीत.

खाली शिक्का, आणि शिक्क्याखाली: आठ दिवसांत पूर्तता न झाल्यास वाहन ओढून नेण्यात येईल.

योर्लेनीनं चिठ्ठी टेबलावरच्या गुळाच्या ढेपेखाली सारली. चूल पेटवली, गूळ घालून पाणी उकळायला ठेवलं. मग ढेप उचलून चिठ्ठी परत वाचली. वाचून शब्द बदलले नव्हते.

पोलिसानं तिला सकाळी वळणावर थांबवलं होतं. तरुण होता, बूट स्वच्छ होते.

"बाई, ही गाडी रस्त्यावरची नाही," तो म्हणाला.

"मग कुठली?"

"शेतातली."

"शेत चार किलोमीटर खाली आहे. उडत जाऊ का? नाकतोडा म्हणतात म्हणून काही उडत नाही तो."

या डोंगरावर लहान ट्रॅक्टरला सगळे नाकतोडाच म्हणतात. योर्लेनीचा नाकतोडा लाल होता, बावीस घोड्यांचा, जपानातून जुना होऊन आलेला. त्याच्या दांड्यांवरची अक्षरं गावात कुणालाच वाचता येत नव्हती.

पोलीस हसला. लिहीत राहिला. चौथी ओळ लिहून म्हणाला, "गेल्या वर्षी याच वळणावर एकाला मिनीबसनं उडवलं. माहितीये ना तुम्हाला?"

"माझा नवरा तो."

पेन थांबलं. पोलिसानं ट्रॅक्टरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पाचवी ओळ लिहिली.


जे चिठ्ठीत नव्हतं

तिचा नवरा ओल्मान आता खिडकीशी बसायचा. त्याच्या कमरेत लोखंडाची पट्टी होती आणि समोर चार पायांचा वॉकर. खिडकीतून रस्त्याचा एक तुकडा दिसायचा, दुपारी धुकं आलं की तोही नाही. इथे दुपारी धुकं येतंच. खालच्या दरीतून वर चढतं, तीनच्या सुमाराला कुंपण ओलांडतं, आणि मग हातातली बादलीसुद्धा अंदाजानं ठेवावी लागते.

मिनीबसच्या ड्रायव्हरनं एकच वाक्य सांगितलं होतं. रस्त्यावर सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, पोलिसांच्या कागदावर सही करून सांगितलं: मला दिसलाच नाही.

"लाल ट्रॅक्टर," ओल्मान म्हणायचा. "मागे ट्रॉली, ट्रॉलीत वीस पोती बटाटा, वर मी. एवढं सगळं. आणि त्याला दिसलं नाही."

आजही त्यानं तेच म्हटलं. मग चिठ्ठी हातात घेतली. "हे पोलीस गेल्या वर्षी कुठे होते?"

"शाळेत असेल हा," योर्लेनी म्हणाली. "ओठावर मिशी नाही अजून."

खालची जमीन लिसांद्रोसाहेबांची. ते शहरात राहायचे. ओल्मान ती बारा वर्षं अर्धेलीनं कसत होता. घराजवळचा तुकडा छपरासारखा उतरता, तिथे कुदळीशिवाय काही चालत नाही, चार वाफे कांदा निघतो. पोट भरायचं ते खालच्या जमिनीवर. ती गेलं पीक पडून राहिली होती, कारण ओल्मान पडून होता. मागच्या आठवड्यात लिसांद्रोसाहेबांचा फोन आला होता. आवाज गोड होता. म्हणाले, मुली, मला काही घाई नाही, पण एक हॉटेलवाला आहे, त्याला दरी दिसेल अशी जागा हवी आहे. पंधरा तारखेपर्यंत बेणं मातीत गेलं तर जमीन तुमची, नाही तर मी त्याला हो म्हणतो.

बेणं शेडमध्ये पेट्यांत मांडलेलं होतं. उजेडात हिरवं पडलेलं, कोंब फुटलेलं. आज कोंब नखाएवढे होते. पेरापेक्षा लांब झाले की हाताळताना तुटतात, आणि तुटलेल्या कोंबाचा बटाटा मातीत नुसता कुजतो.


मागचे लाल दिवे

ती ट्रॉलीखाली उताणी पडली होती. वरून ओल्मान खिडकीतून सांगत होता.

"लाल वायर कुठली ते बघ."

"सगळ्या काळ्या आहेत."

"पुसून बघ."

"पुसल्या. आता सगळ्या करड्या आहेत."

"टोकं खरवड. हिरवं आलं असेल त्यावर."

हिरवं आलंच होतं. डोंगराच्या माथ्यावर ज्वालामुखीचं तोंड आहे, वारा इकडे फिरला की त्याचा वास नाकात बसतो आणि त्याची वाफ लोखंडात. नवा पत्रा तीन वर्षांत चाळणी होतो. खिळे चिमटीत मोडतात. म्हणून इथे ज्याला त्याला काहीतरी फासलेलं असतं, ग्रीस, डांबर, रंग, आणि सगळ्यांवर वॉर्निश. योर्लेनीचा बाप बेलिसारियो तर बिजागऱ्यांना वॉर्निश मारायचा, कुदळीच्या दांड्याला, अंगणातल्या देवळीतल्या मारियामातेच्या मूर्तीला.

"सासरेबुवांजवळ कोंबडीनं जास्त वेळ बसू नये," ओल्मान म्हणायचा. "उठेल तेव्हा चमकत असेल."

बेलिसारियो हे ऐकून हसायचा. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. चाळीस वर्षं त्यानं बैलगाड्या रंगवल्या होत्या: नारिंगी पाट्या, चाकावर सोळा पाकळ्यांची चांदणी, कडेला पानं. पूर्वी बैलगाडीवाल्यांच्या सणाला त्याच्या हातची गाडी नसेल तर घरधनी तोंड लपवायचा. मग बैल गेले. शेडमध्ये एक चाक टांगलेलं राहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आता तो त्या चाकावरची चांदणी अंगठ्यानं चाचपून मोजायचा, आणि म्हणायचा, बाहेर धुकं दुपारी येतं, माझ्यात सकाळपासून असतं.

संध्याकाळी दोन्ही लाल दिवे लागले. एक जास्त, एक कमी. योर्लेनीच्या केसांत माती आणि गंजाची पूड होती, कोपर सोललं होतं.

"लागले का?" बेलिसारियोनं विचारलं.

"लागले, पापा."

"बरं," तो म्हणाला, आणि भलतीकडे बघून मान हलवली.


आरसा

मोटरसायकलचा. तारेनं बांधला. त्यात तिचं स्वतःचं अर्धं तोंड दिसायचं आणि अर्धा रस्ता. तेवढं पुरे.


परत जे चिठ्ठीत नव्हतं

सीटच्या मागे डोक्यावर येणारी लोखंडी कमान असते. नाकतोडा उलटला तर माणूस खाली चिरडू नये म्हणून. ओल्माननं ती कायम पाडून ठेवलेली असायची, कारण शेडचं दार बुटकं होतं. अपघाताच्या दिवशीही ती पाडलेलीच होती.

"वर्षभर मी स्वतःला सांगत होतो, उद्या दाराची चौकट कापू," तो म्हणाला.

योर्लेनी करवत घेऊन शिडीवर चढली. वरचं लाकूड जुन्या सायप्रसचं, दगडासारखं. दोन तास लागले. खांद्यातून हात गळून पडेल असं वाटलं. शेवटी लाकूड खाली पडलं, कोंबड्या पळाल्या, आणि तिनं कमान उभी करून खिट्टी घातली.

"पट्टा?"

"लावीन."

"आणि ब्रेक. दोन्ही पॅडल खटक्यानं जोडायची. शेतात वेगळी चालतात, वळायला बरं पडतं. रस्त्यावर एकच दाबलं गेलं तर गाडी गरकन फिरते."

"ओल्मान, बारा वर्षं मी तुझ्या मागे ट्रॉलीत बसलेय. मला माहितीये."

"म्हण तरी."

"शेतातून निघताना पॅडल जोडायची."

"परत म्हण."

तिनं परत म्हटलं.


मागचा चमकता त्रिकोण

तो शहरातून आणावा लागला, बाजारामागच्या शेतीसामानाच्या दुकानातून. पत्र्याचा, मधे नारिंगी, कडेनं लाल जाड पट्टी. हात फिरवला तर बारीक पॉलिशपेपरसारखा खरखरीत, जणू काचेचं पीठ चिकटवलंय. दुकानात त्याच्याहून जाड, त्याच्याहून चांगलाही होता. तिनं परवडणारा हा घेतला.

ओल्माननं तो मांडीवर ठेवून पाहिला. "सगळ्यांत हुशार वस्तू ही. हिला वायर नाही, बल्ब नाही, फ्यूज नाही. दुसऱ्याच्या दिव्यावर चालते. मागच्यानं दिवे लावले की ही आपोआप पेटते."

योर्लेनीनं त्रिकोण ट्रॉलीच्या मागच्या फळीवर ठोकला. अंधारून आल्यावर ती अंगणाच्या टोकाला गेली आणि विजेरी मारली.

लाल कडा भडकली. कुणी निखारे मांडावेत तशी.

आणि दारातल्या स्टुलावर बसलेला बेलिसारियो उठून उभा राहिला.

"ते मला दिसलं," तो म्हणाला.

"काय, पापा?"

"ते. तीन कोपरे. लाल." तो हात पुढे करून चालायला लागला, चिखलात, सपाता घालून. ट्रॉलीपाशी येऊन त्यानं त्रिकोण चाचपला. "दिवा बंद कर. परत लाव."

तिनं बंद केला, लावला.

"दिसलं," बेलिसारियो म्हणाला. "चार वर्षांत एवढं स्वच्छ काही दिसलं नव्हतं मला. तुझं तोंडही नाही."

"माझ्या तोंडाला काय बघायचंय आता," योर्लेनी म्हणाली.

तो अजून अंगठा फिरवत होता. "खरखरीत आहे गं. यात धूळ बसेल. आणि ही वाफ. नाताळापर्यंत टिकायचं नाही हे."


रविवारी ओल्मानला कमरेच्या फोटोसाठी शहरात न्यायचं होतं. सकाळच्या बसनं गेले, उन्हं कलताना आले. अंगणात जवसाच्या तेलाचा आणि वॉर्निशचा वास भरून राहिला होता.

बेलिसारियो ट्रॉलीमागे उकिडवा बसला होता. नाकाच्या शेंड्यावर नारिंगी ठिपका. त्रिकोणाच्या भोवती, लाकडाच्या फळीवर, त्यानं चांदणी काढली होती. सोळा पाकळ्या, एकही वाकडी नाही. कडेनं निळी पानं. आणि सगळ्यावर, चांदणीवर, पानांवर, त्रिकोणावर, मधासारखं जाड वॉर्निश.

ओल्मान वॉकरवर रेलून कितीतरी वेळ पाहत राहिला. "पापा, यात बटाटे न्यायचे? यात तर नवरी न्यावी."

"हात लाव," बेलिसारियो म्हणाला. "गुळगुळीत केलंय. आता पाणी ठरणार नाही."

योर्लेनीनं कडेला बोट लावलं. काचेसारखं. उतरत्या उन्हात त्रिकोण पूर्वी कधी नव्हता इतका चकाकत होता. चार वर्षांत तिच्या बापानं रंगाचा ब्रश धरला नव्हता.

"एकच हात मारलाय?" तिनं विचारलं.

"एकच."

"मग उद्या दुसराही मारा. इथल्या हवेत एका हातानं काय होतंय. आणि ट्रॉलीच्या या लाल चकत्या आणल्यात, त्रिकोणासारख्याच खरखरीत, त्यांनाही मारून टाका."

"मारतो की," बेलिसारियो म्हणाला. असा आवाज तिनं त्याच्या तोंडून आई असताना ऐकला होता.


फिरता पिवळा दिवा

बंद पडलेल्या दगडखाणीच्या ट्रकवरचा. कमानीच्या माथ्यावर बांधला. त्याची आणि लाल दिव्यांची वायर एकाच फ्यूजमधून न्यावी लागली, कारण नाकतोड्यात मोकळा फ्यूज दुसरा नव्हताच.

"चालेल?" योर्लेनीनं विचारलं.

ओल्माननं फ्यूज उजेडाकडे धरून पाहिला. "चालेल. पिवळा उजेड बाजूच्या झुडपांवर पडतो. त्यावर लक्ष ठेव. झुडपं पिवळी व्हायची थांबली तर दिवा गेला असं समज."

"मग?"

"मग त्रिकोण आहे."


आठव्या दिवशी सकाळी दहाला, लख्ख उन्हात, तोच पोलीस वळणावर होता. त्यानं पाचही ओळी तपासल्या. दिवे लावायला सांगितले, पिवळा दिवा फिरवून पाहिला, आरशात स्वतःला पाहिलं. मग मागे गेला आणि टोपी वर सारली.

"हे कुणी काढलं?"

"माझ्या वडलांनी."

"माझ्या आजोबांकडे अशी गाडी होती," तो म्हणाला, आणि पाच वेळा 'आहे' लिहून शिक्का मारला.

रस्त्याच्या कडेला कांद्याचा ट्रक उभा होता. त्याचा ड्रायव्हर वाल्तेर शेजारच्या वाडीतला, ओल्मानबरोबर फुटबॉल खेळलेला. तो खिडकीतून ओरडला, "योर्लेनीबाई, आता तर तुम्ही मला चंद्रावरनं दिसाल."

"चंद्रावर कांदा नेतोस का?"

"भाव असेल तर नेतो."

पोलीसही हसला. त्या सकाळी रस्त्यावर सगळेच हसत होते.


तेरा तारखेला दोन खेपा. नांगरणी, मग सरी. पॅडल वेगळी, वळण, पॅडल वेगळी, वळण. माती काळी, भुसभुशीत, मुठीत घेतली की उघडल्यावर आपोआप सुटणारी. निघताना पॅडल जोडली, मोठ्यानं म्हटलं, "जोडली." ऐकायला कुणी नव्हतं.

चौदाला तीन खेपा. वाडीतल्या तीन बायका लावणीला आल्या होत्या. वाकून बेणं ठेवायचं, कोंब वर, पायानं माती लोटायची, पुढचं. संध्याकाळपर्यंत कुणाची पाठ सरळ होत नव्हती. अर्ध्याहून जास्त रान लागलं.

पंधराला सकाळी ऊन होतं. एक खेप झाली. दुपारी दोन वाजता खालून एका बाईचा फोन आला: बेणं संपलं, आठ सऱ्या उरल्यात, आम्ही बांधावर बसलोय.

योर्लेनीनं भात-राजमा उभ्यानं खाल्ला. शेवटच्या चौदा पेट्या ट्रॉलीत चढवल्या. कोंब पेराएवढे झाले होते, ती पेट्या तान्ह्या लेकरासारख्या ठेवत होती. दरीतून धुकं कुंपणापर्यंत आलं होतं.

"उद्या ने," ओल्मान म्हणाला.

"आज पंधरा आहे."

"आठ सऱ्या तर राहिल्यात."

"आठ सऱ्या मोकळ्या दिसल्या तर लिसांद्रोसाहेब काय म्हणतील? त्यांना दरी बघायला माणूस तयार आहे."

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. "पॅडल?"

"जोडली."

"पट्टा?"

"लावते."

"दिवे?"

"लागलेत, दोन्ही. एक जास्त, एक कमी." ती सीटवर चढली. दारातून बेलिसारियोनं हात वर केला, साधारण तिच्या दिशेला.


पहिला किलोमीटर. दोन्ही बाजूंची झुडपं पिवळी होत होती, विझत होती, पिवळी होत होती. जणू धुकंच श्वास घेत होतं. समोर दहा पावलांचा रस्ता. डावीकडे सिमेंटची खोल नाली, उजवीकडे दरी. थांबायला जागा नाही. थांबायचं ते सायप्रसांच्या रांगेशी, तिथे रस्ता जरा रुंद होतो.

दुसरा किलोमीटर. एक गाडी मागून आली, वेग कमी केला, बाजूनं गेली. त्या माणसाला ती दिसली होती. योर्लेनीनं मनात त्याचे आभार मानले.

वळणापाशी ट्रॉलीला खड्डा लागला. पेट्या आदळल्या. तिनं मागे वळून पाहिलं, एकही पडली नव्हती.

मग तिच्या लक्षात आलं की झुडपं पिवळी होत नाहीत.

तिनं बटण दाबलं, परत दाबलं. हात मागे नेऊन कमानीवरची वायर हलवली. काही नाही. मान वळवून पाहिलं, लाल दिवेही गेले होते. फ्यूज. एकच होता, तो गेला.

सायप्रस अजून तीनशे पावलं लांब. इथे थांबलं तर ती रस्त्यात उभी असलेली वस्तू, चाललं तर निदान हलणारी. तिनं ब्रेकवरचा पाय काढला. मग त्रिकोण आहे, ती स्वतःला म्हणाली. त्याला वायर लागत नाही. मागच्यानं दिवे लावले की तो पेटतो. तिनं तो पेटताना पाहिला होता, तिच्या आंधळ्या बापाला दिसला होता.

मागून इंजिनाचा आवाज आला. जड. उतारावर गिअरात घुरघुरणारा. आरशात धुकं आधी राखाडी, मग पांढरं झालं. चांगले मोठे दिवे होते. लावलेले होते. योर्लेनीला बरं वाटलं. एवढ्या उजेडात तो पेटणारच. आता ट्रकवाला वेग कमी करेल, आता गिअर बदलेल, आता


नाकतोडा नालीत आडवा पडला होता आणि त्याचं एक चाक फिरत होतं. ती पट्ट्याला लटकली होती. कमान नालीच्या काठावर टेकली होती आणि कमानीच्या आत, तिच्या डोक्याभोवती, वीतभर जागा उरली होती. उजवं मनगट भलत्या दिशेला वळलं होतं. अजून दुखत नव्हतं. डिझेलचा वास, आणि ओल्या मातीचा, आणि चिरडलेल्या कच्च्या बटाट्याचा.

"देवा, देवा," कुणीतरी धावत येत म्हणत होतं. "योर्लेनीबाई? तुम्ही आहात?"

वाल्तेर होता. त्यानं पट्टा कापला, तिला काखेत धरून वर ओढलं आणि रस्त्यावर बसवलं.

"मला काही दिसलंच नाही," तो म्हणाला. "आईची शपथ. रस्ता मोकळा होता. मग फळी होती."

"त्रिकोण आहे," योर्लेनी म्हणाली.

"काय?"

"मागे त्रिकोण आहे. तू पाहिला होतास. चंद्रावरनं दिसेल म्हणालास."

तिनं डावा हात उचलून दाखवला. ट्रॉली रस्त्यात वाकडी उभी होती, मागची फळी ट्रककडे. ट्रकचे दोन्ही दिवे दहा पावलांवरून सरळ तिच्यावर पडले होते. वाल्तेरच्या जाकिटावर ट्रकवाल्यांची रुपेरी पट्टी होती, ती डोळ्यांत टोचेल अशी जळत होती. रस्त्यावरची पांढरी रेघ जळत होती. नालीकाठचा कुठलासा फुटका डबा जळत होता.

फळीवर एक तपकिरी ओलसर चौकोन होता. त्यात नीट पाहिलं तर एक त्रिकोण होता, विझलेला. दोन्ही कडांच्या चकत्या सुकल्या रक्ताच्या रंगाच्या.

ती उठली. वाल्तेर नको म्हणत होता. तिनं जाऊन त्रिकोणावर डाव्या हाताचा तळवा ठेवला. गुळगुळीत होता. पाणी ठरत नव्हतं, थेंब घसरून खाली जात होते.

खालून वर येणाऱ्या दोन गाड्या थांबल्या नाहीत. बेण्यावरून गेल्या. कोंब टायरला चिकटून वर गेले.


दुसरी चिठ्ठी वेगळ्या पोलिसानं लिहिली. मोठ्या वयाचा, चष्मा असलेला. त्यानं दवाखान्यात तिच्या खाटेशी उभं राहून वाचून दाखवली. दिवे: बंद. त्रिकोण: आहे, परंतु रंग व वॉर्निश लावल्यामुळे निकामी. सबब ट्रकचालकाचा दोष नाही.

"हे असं फासायचं नसतं, बाई," तो म्हणाला. "बारीक काच असते त्यात. ती उघडी राहावी लागते. कुणी केलं हे?"

"मीच," योर्लेनी म्हणाली. "मला वाटलं टिकेल."

नाकतोड्याचा पुढचा आस मोडला होता. सोळा तारखेला लिसांद्रोसाहेब जमीन बघून गेले. फोनवर आवाज पहिल्यासारखाच गोड होता. जिवावरचं मनगटावर निभावलं, म्हणाले, देवाची कृपा. लागलेलं पीक काढून न्या, तेवढी सवड हॉटेलवाला देईल. तेवढं काढायला घरात धड हात किती उरलेत, हे त्यांनी विचारलं नाही.

ती घरी आली तेव्हा ओल्मान खिडकीशी होता. प्लास्टरकडे त्यानं पाहिलं. चिठ्ठी घेतली, वाचली, घडी घातली, आणि दाराकडे नजर टाकून पुन्हा तिच्याकडे बघितलं. योर्लेनीनं मान हलवली: नाही, सांगायचं नाही. त्यानं चिठ्ठीला आणखी एक घडी घातली, आणखी एक, नखाएवढी होईपर्यंत.

दारात बेलिसारियो स्टुलावर बसला होता. वाल्तेरनं ट्रॉलीची फळी आणून टाकली होती. ती त्यानं मांडीवर आडवी घेतली होती आणि ओल्या फडक्यानं पुसत होता. चिखल निघाला होता. चांदणीच्या सोळा पाकळ्या, निळी पानं, मधे त्रिकोण, उन्हात सगळं चकाकत होतं.

"योर्लेनी?"

"हं, पापा."

"हात दुखतो का?"

"नाही फार."

तो अंगठा कडेकडेनं फिरवत होता. तिन्ही कोपरे, मग परत पहिला. "बघ बरं जरा. मला नीट कळत नाही. कुठे टवका उडालाय का?"

ती त्याच्याजवळ वाकली. खरंच पाहिलं, सगळीकडे.

"नाही. एकसुद्धा नाही."

"एवढा ट्रक आदळला," बेलिसारियो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "तू म्हणालीस म्हणून दुसरा हात मारला. एका हातानं टिकलं नसतं ते."